ब्रेकफास्टमधला ‘फास्ट’ पळत नाही हो

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत शेवटच्या पानावर ती शब्दांच्या गमतीजमतीची चौकट होती ना, त्यात छापलंय की सकाळी ऑफिसला पळायची घाई असते म्हणून जे पटापट, फास्ट खाल्लं जातं त्याला ब्रेकफास्ट म्हणतात. आणि खाली अजून एक, की इंग्रजी मुळातच वेडी भाषा, तिच्यात फास्ट म्हणजे पळणारा आणि फास्ट म्हणजे घट्ट बांधून ठेवलेला, दोन्ही. पहिलं वाक्य साफ चुकलंय. दुसऱ्यातली माहिती बरोबर आहे पण इंग्रजीला वेडं ठरवायची घाई झालीय, कारण तोच वेडेपणा आपली मराठी रोज करते आणि आपल्याला पत्ताही नसतो. एरवी मी पेपरला पत्रं लिहिणारा माणूस नाही, पण एकतीस वर्षं लॅब टेक्निशियन म्हणून काढली, रोज सकाळी साडेसहापासून लोकांना ‘फास्टिंग आहात ना?’ विचारत आलो, आता रिटायर झालो तरी सकाळचे दोन तास जवळपासची घरोघरची सॅम्पलं घ्यायला जातो, त्यामुळे या एका शब्दावर माझा थोडा हक्क आहे असं मला वाटतं.

आधी ताजा किस्सा सांगतो म्हणजे मी का चिडलोय ते कळेल. आमच्या चाळीत दुसऱ्या माळ्यावर एक आजी आहेत, वय ऐंशीच्या आसपास, तब्येत ठणठणीत. मुलाने त्यांना तपासणीला पाठवलं, लॅबचं नाव कशाला घेऊ, तिथल्या काउंटरवरच्या मुलीने फोनवर सांगितलं ‘आजी, उद्या फास्टिंग करून या’. आजींनी विचारलं फास्टिंग म्हणजे काय गं, मुलगी म्हणाली उपास. झालं. आजी दुसऱ्या दिवशी सकाळी देवपूजा करून, वाटीभर साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट घातलेली बटाट्याची भाजी आणि साखर घातलेला चहा असा व्यवस्थित उपास करून लॅबमध्ये गेल्या, रक्त दिलं, ‘फास्टिंग आहात का’ विचारल्यावर छाती पुढे काढून हो म्हणाल्या. खोटं काय बोलल्या? साखर आली १६८. उपाशीपोटी १०० च्या खाली हवी, १२६ किंवा वर गेली की डायबेटिसचा संशय, मग घरात रडारड, मुलगा गोळ्या आणायच्या तयारीत. मी सहज रिपोर्ट बघायला मागितला आणि सवयीने विचारलं आजी सकाळी काय घेतलं होतंत, तर म्हणाल्या काही नाही रे, उपासच होता, खिचडी तेवढी खाल्ली.

एकादशी अन् दुप्पट खाशी, आपण हसतो, पण चूक आजींची नाहीच. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, पोटात गेला की त्याची साखर व्हायला वेळ लागत नाही. (बाय द वे साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं, पोर्तुगीज वगैरे मंडळींनी इकडे आणलेलं, म्हणजे शिवरायांच्या आधी पाचशे वर्षं मागे गेलात तर आपल्या आजच्या उपासाच्या ताटातलं बरंच काही मिळणार नाही. असो, तो वेगळा विषय.)

आता मूळ मुद्दा. फास्ट या शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ वेग नाहीये. जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वी, फास्ट म्हणजे पक्का, घट्ट, हलणार नाही असा. जर्मन भाषेत आजही ‘फेस्ट’ म्हणजे घट्ट, पक्का. इंग्रजीत तो जुना अर्थ मेलेला नाहीये, नीट बघितलं तर सगळीकडे बसलेला दिसतो. विमानात सीट बेल्ट ‘फासन’ करा सांगतात, त्यात तोच फास्ट. ‘असा काही हार्ड अँड फास्ट रूल नाही’ हे तर आपले मंत्रालयातले क्लार्कसुद्धा मराठी वाक्यात म्हणतात, तिथे फास्ट म्हणजे पळणारा नियम असं कोणालाच वाटत नाही, मुळात ती खलाशांची भाषा, जहाज गाळात रुतून बसलं की हार्ड अँड फास्ट. स्टेडफास्ट म्हणजे जागेवरून न हलणारा. शेमफेस्ड म्हणून एक शब्द आहे, लाजलेला अशा अर्थाचा, तो आधी शेमफास्ट होता, म्हणजे लाजेने बांधलेला, पुढे लोकांना फास्ट कळेना म्हणून त्यांनी त्याचा फेस करून टाकला, लाज चेहऱ्यावर दिसतेच की! म्हणजे खुद्द इंग्रज लोकांनाही आपल्या शब्दाचा जुना अर्थ आठवत नव्हता, तर आपल्या पुरवणीवाल्यांना काय दोष द्यायचा.

मला मात्र हा जुना अर्थ शाळेत जायच्या आधीपासून माहीत होता आणि तो इंग्रजांकडून नाही, बाबांकडून. बाबा गिरणीत रंगखात्यात होते. आमच्या घरात फास्ट हा शब्द एकाच अर्थाने वापरला जायचा. फास्ट कलर. आई बाजारातून साडी घेऊन आली की बाबा पदराचं टोक थुंकी लावून पांढऱ्या रुमालावर घासायचे आणि निकाल द्यायचे, फास्ट आहे किंवा फास्ट नाही, कच्चा आहे. आईला राग यायचा, नवीन साडीला थुंकी लावतात म्हणून. पण ती टेस्ट खरी होती, मोठ्या लॅबमध्येही तेच करतात फक्त थुंकीच्या जागी मशीन असतं. रंग धुतल्यावर किती टिकतो, घासल्यावर किती, घामाने किती, उन्हात किती, प्रत्येकाचे वेगळे मार्क. धुण्याचे आणि घासण्याचे १ ते ५, उन्हाचे १ ते ८. जितके मार्क जास्त तितका रंग फास्ट, म्हणजे तितका जागेवरून न हलणारा.

बाबा सांगायचे की पक्का रंग धाग्याला नुसता चोपडत नाहीत, त्याला फसवून आत नेतात. नीळ घ्या. ती पाण्यात विरघळतच नाही. मग हौदात कॉस्टिक आणि हायड्रो घालून तिचं रूप बदलायचं, तेव्हा ती विरघळते, धाग्याच्या आत शिरते. कापड हौदातून वर काढलं की पिवळट हिरवं दिसतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं, कारण हवेतल्या ऑक्सिजनने तिचं मूळ रूप परत येतं आणि मूळ रूप पाण्यात विरघळत नाही, म्हणजे बाईसाहेब आत गेल्या आणि दार बंद झालं. १९०१ साली जर्मनीत याच जातीचा इंडँथ्रीन रंग निघाला, तो तर उन्हालाही दाद देत नाही. बाबांची नखं कायम निळी असायची, संप झाला, १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले ते बाबांसकट परत आत गेलेच नाहीत म्हणा ना, त्यानंतरही बरेच महिने ती निळाई नखांच्या कडेला होती. ती मात्र फास्ट निघाली. नोकरी कच्ची निघाली.

मी लॅबच्या लाइनला लागलो तर तिथेही पहिल्याच वर्षी हाच शब्द भेटला. टीबीची थुंकी तपासतात त्या टेस्टला एएफबी म्हणतात, त्यातला एफ म्हणजे फास्ट. ॲसिड फास्ट बॅसिलाय. आमच्या बरोबरच्या एका पोराने परीक्षेत लिहिलं होतं की हे जंतू ॲसिडमध्ये फास्ट वाढतात म्हणून त्यांना असं म्हणतात! सर इतके हसले होते. प्रकार असा की काचेच्या पट्टीवर थुंकीचा पातळ थर द्यायचा, त्यावर लाल रंग ओतायचा, खालून गरम करायचं, आणि मग वरून ॲसिड ओतून रंग धुवायचा. बाकीचे बहुतेक जंतू लाल रंग सोडून देतात. टीबीचा जंतू सोडत नाही, त्याच्या अंगावर मेणासारखं जाड कवच असतं, रंग एकदा आत गेला की ॲसिडलाही निघत नाही. मग बाकीच्यांना निळा रंग द्यायचा, की मायक्रोस्कोपमध्ये निळ्या मैदानावर लाल काड्या पडल्यासारखे हे दिसतात. म्हणजे ॲसिड फास्ट हा शब्द थेट रंगाऱ्यांच्या भाषेतला, ॲसिडलाही पक्का. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये टीबीचा जंतू दाखवला आणि त्याच वर्षी ही रंग न सोडायची खोडही लक्षात आली, तेव्हा जर्मनीत नवनवीन कापडरंग निघत होते आणि डॉक्टर मंडळी तेच रंग जंतूंवर ओतून बघत होती. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, म्हणजे तूपण रंगखात्यातच लागलास की.

आणि वेगाचं म्हणाल तर हा ‘फास्ट’ जंतू आळशांचा राजा आहे. आपल्या पोटातला साधा ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. टीबीवाल्याला एकाचे दोन व्हायला १५ ते २० तास लागतात, आणि लॅबमध्ये जंतूंचं खाद्य असलेल्या नेहमीच्या घट्ट माध्यमावर वाढवायला ठेवला तर कधी कधी आठ आठवडे वाट बघावी लागते. शिवडीच्या टीबी हॉस्पिटलच्या बाजूने बस गेली की मला हे अजून आठवतं, फास्ट नावाचा इतका स्लो माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग घट्टपणातून वेग आला कुठून? इथेच तुमच्या चौकटवाल्याने हात टेकले आणि वेडी भाषा म्हणून मोकळा झाला. पण जरा मराठीत विचार करा. ‘कसणे’ म्हणजे घट्ट आवळणे. कंबर कसली, दोर कसला. आणि ‘कसून’ म्हणजे? कसून अभ्यास केला, कसून सराव केला. आवळण्याचं कुठे गेलं? तिथे आता जोर लावून, जीव तोडून असा अर्थ आला. आता ‘जोर’ घ्या, फारसी शब्द, अर्थ ताकद. पण ‘जोरात धाव’ म्हणजे? ताकदीने धाव असं कोणाच्या डोक्यात येतं का, फास्ट धाव एवढंच कळतं. गाडी जोरात गेली म्हणजे वेगात गेली. इंग्रजीत हेच झालं आहे, तंतोतंत हेच. घट्ट धर, मग घट्ट धरून म्हणजे नेटाने कर, नेटाने लढ, नेटाने पळ, आणि नेटाने पळणाराच पुढे जातो म्हणून साधारण तेराव्या शतकापर्यंत फास्ट म्हणजे वेगात असा अर्थ दिसायला लागतो. आपण ‘कसून’ आणि ‘जोरात’ असे दोन शब्द दोन स्टेशनांवर उभे केलेत, त्यांच्या एकाच शब्दाने सगळी स्टेशनं घेतली, एवढाच फरक.

आणि यावर कडी म्हणजे आपला रेल्वेवाला शब्द, ‘जलद’. मी लालबागचा, आमचं स्टेशन करी रोड, तिथे फास्ट गाडी थांबत नाही, नुसती धूळ उडवत जाते, त्यामुळे जन्मभर ‘जलद लोकल’ ही घोषणा मी दादरला नाहीतर भायखळ्याला उभा राहून ऐकली. हा जलद फारसीतून आलाय, जल्द, आणि तो फारसीत आला अरबीतून, तिथे त्याचा अर्थ कणखर, दणकट, सोसणारा. वेगवान नव्हे, दणकट! म्हणजे दणकटपणातून वेगाकडे जायचा तोच रस्ता अरबस्तान-इराणकडच्या लोकांनीही आपापला शोधला, कोणी कोणाची कॉपी न करता. तीन-तीन ठिकाणी एकच गोष्ट होत असेल तर तिला वेड म्हणायचं का तुम्हीच सांगा. संस्कृतात मात्र जलद म्हणजे ढग, पाणी देणारा, आणि जुलै महिन्यात मध्य रेल्वेवर हे दोन्ही जलद एकमेकांना भेटले की काय होतं ते मुंबईकराला सांगायला नको.

२६ जुलै २००५ ला मी स्वतः फास्ट लोकलमध्ये होतो. सायन सोडलं, कुर्ल्याच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे आपल्याला नंतर कळलं, तेव्हा फक्त एवढंच कळत होतं की रूळ दिसेनासे झालेत. डब्यात एक म्हातारे पारशी गृहस्थ होते, खिडकीतून बाहेर बघत इंग्रजीत म्हणाले, द फास्ट इज स्टक फास्ट. मला तेव्हा इतकं हसू आलं, आजूबाजूचे बघायला लागले याला काय झालं म्हणून. फास्ट गाडी फास्ट अडकलीय. एकाच वाक्यात दोन फास्ट, एक पळणारा एक रुतलेला, आणि दोघंही बरोबर. शेवटी अंधार पडायच्या आत उड्या मारल्या आणि कमरेएवढ्या पाण्यातून एकमेकांचे हात घट्ट धरून, अगदी फास्ट धरून म्हणा, चालत गेलो.

झोपेचंही तसंच. फास्ट अस्लीप ऐकून लहानपणी मला वाटायचं की पटकन झोप लागलेला. तो फास्टही घट्टवाला. आणि आपण काय म्हणतो? गाढ झोप. गाढ म्हणजे खोल बुडालेला आणि घट्टसुद्धा, गाढ आलिंगन म्हणतो तेव्हा आवळूनच धरलेलं असतं ना. म्हणजे झोप त्यांचीही घट्ट, आपलीही घट्ट. फास्ट कलरला आपला पक्का रंग, फास्ट फ्रेंडला जिगरी म्हणा, पक्का दोस्त म्हणा. फास्ट बोलर तेवढा वेगवाला, शिवाजी पार्कावर कोणी घट्ट बोलर म्हणून टीममध्ये घेणार नाही.

(मग आधी इंग्रजीत वेगाला काय म्हणत होते असं कोणी विचारेल. स्विफ्ट म्हणत होते. क्विक मात्र नाही, क्विक म्हणजे तेव्हा जिवंत. पाऱ्याला क्विकसिल्व्हर म्हणतात ते जिवंत चांदी म्हणून, हातावर घेतलात तर कळेल, घेऊ नका अर्थात, विषारी असतो. आणि हे क्विक आणि आपला जीव हे दोन्ही शब्द एकाच फार जुन्या मुळापासून निघालेले सख्खे नाहीत पण चुलत भाऊ तरी आहेतच. जीव असला की हालचाल, हालचाल असली की चपळ. हेही वेड नाहीच.)

आता येतो उपासावर, कारण ब्रेकफास्ट तिथलाच. फास्ट म्हणजे उपास हा काही वेगळा, योगायोगाने सारखा दिसणारा शब्द नाहीये, तोही त्याच घट्टमधून निघालाय. घट्ट धरून राहणे, स्वतःला आवरून धरणे, म्हणून उपास करणे. आणि मराठीत आपण उपास काय करतो? धरतो! सोळा सोमवार धरले. एकादशी धरली. मुसलमान शेजारी रोजा धरतात. आणि फार निष्ठेने धरला तर तो कडकडीत उपास. धरलेला आणि कडक, यापेक्षा जास्त फास्ट काय असणार! एखाद्या इंग्रजाला हे मराठीतून समजावून सांगितलं तर त्यालाच आपल्या शब्दाचं मूळ कळेल.

रात्रीच्या जेवणापासून सकाळपर्यंत पोट रिकामं राहतं तो छोटा उपास, तो सोडायचा म्हणून ब्रेक फास्ट. पंधराव्या शतकापासून हा शब्द इंग्रजीत आहे, तेव्हा ना ऑफिस होतं ना आठ बावन्नची लोकल. आपल्याकडे मात्र यात एक बारीक फरक आहे जो मला फार आवडतो. आपण उपास पुरा झाला की ‘सोडतो’, आणि मधेच काहीतरी खाल्लं गेलं की तो ‘मोडतो’. ब्रेक या शब्दाने त्यांचा उपास रोज सकाळी मोडतो बिचारा, आपला सुटतो.

फ्रेंच लोकांचंही तेच, ते जेवणाला देज्यूने म्हणतात, म्हणजे मुळात उपास सोडणं, त्यातलाच लॅटिन जेजुनस म्हणजे उपाशी. आमच्या लाइनमध्ये लहान आतड्याच्या मधल्या भागाला जेजुनम म्हणतात ते यावरूनच, जुन्या वैद्यांना प्रेतं उघडल्यावर तो भाग नेहमी रिकामा सापडायचा म्हणून त्याचं नाव उपाशी आतडं ठेवलं. मी वीस वर्षं तो शब्द फॉर्मवर लिहीत होतो आणि त्याच्यात ब्रेकफास्टचा भाऊबंद बसलाय हे माहीत नव्हतं.

पण सगळ्यात कहर आपला ‘नाश्ता’. हा फारसी शब्द आणि त्याचा मूळ अर्थ खाणं नाही, तर ज्याने सकाळपासून काहीच खाल्लं नाही तो. उपाशीपोटी. इराणात आजही रक्त तपासायला ‘नाश्ता’ या म्हणून सांगतात, म्हणजे न खाता या! इकडे येता येता त्या उपाशी माणसाच्या पुढ्यात जे ठेवलं त्यालाच आपण नाश्ता म्हणायला लागलो. आता गंमत बघा, आमच्या आजींना इराणातल्या लॅबने नाश्ता या सांगितलं असतं तर त्या इथल्या इराण्याकडे जाऊन ब्रून मस्का आणि पानी कम चाय घेऊनच पुढे गेल्या असत्या. शब्दांचं हे असं आहे. नुसता अर्थ सांगून भागत नाही, समोरच्या माणसाच्या पोटात त्या शब्दाने काय जातं तेही बघावं लागतं.

म्हणून माझी खरी तक्रार काउंटरवरच्या त्या मुलीने फास्टिंगचं भाषांतर ‘उपास’ केलं त्याबद्दल आहे, आणि ती एकटी नाही, बऱ्याच लॅबच्या मराठी पत्रकांवर, व्हॉट्सॲप मेसेजवर हेच छापलेलं असतं. इंग्रजीकडे या सगळ्याला एकच शब्द आहे, फास्ट. आपल्याकडे चांगले चार-पाच आहेत आणि प्रत्येकाचा डबा वेगळा. उपास म्हणजे देवाचा, त्यात साबुदाणा, वरी, रताळं, दूध, चहा सगळं चालतं. उपोषण म्हणजे आझाद मैदानातलं, मागणीसाठी, त्यात पाणी चालतं, साखळी उपोषण असेल तर आपला नंबर संपला की घरी जाऊन जेवणही चालतं. लंघन म्हणजे वैद्याने सांगितलेलं, पोट बिघडलं की एक वेळ गाळायची. निर्जळी म्हणजे पाणीसुद्धा नाही. आणि या सगळ्यांहून वेगळा, तपासणीला अगदी नेमका बसणारा शब्द आपल्या आयाआज्यांच्या तोंडात पिढ्यान् पिढ्या होता, ‘अनशापोटी’. काढा अनशापोटी घे, मध-लिंबू अनशापोटी घे. म्हणजे उठल्यापासून पोटात काही न जाता. आमच्या आजींना कोणी ‘अनशापोटी या’ म्हटलं असतं तर खिचडीचा प्रश्नच नव्हता, त्यांनी तो भलताच विचार केलाही नसता.

उलटी चूकही होते, ती मी अनेकदा भोगलीय. काही लोक उपास म्हटल्यावर निर्जळी करून येतात, आदल्या रात्री नऊपासून पाण्याचा थेंब नाही, वर मे महिना, हात पुढे करतात तर शीर सापडत नाही. एकदा दोनदा सुई टोचली की पेशंट आपल्याकडे असा बघतो जणू आपण कसाई. अहो, पाणी चालतं! साखरेच्या फास्टिंगला साधारण आठ तास काही खायचं नाही, साखरेचं किंवा दुधाचं काही प्यायचं नाही, साधं पाणी मात्र प्यायचं, उलट प्यायलात तर शीर फुगून वर येते आणि आमचंही काम सोपं होतं. नेहमीच्या गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरला विचारायचं. मराठीत दोन ओळी झाल्या सगळ्या मिळून. एवढं पत्रकावर छापायला किती शाई लागते?

तर संपादक साहेब, विनंती दोन. एक, पुढच्या रविवारी त्या चौकटीत ब्रेकफास्टची दुरुस्ती छापा, छोटीशी चालेल. दुसरी, तुमच्या आरोग्याच्या पानावर दर आठवड्याला ‘फास्टिंग शुगर’ छापून येतं, कधी कंसात ‘उपवासाची साखर’ असतं, जे वाचून मला तर उपासाच्या चहात घालायची साखर आठवते, त्याजागी ‘अनशापोटीची साखर’ लिहून बघा. सुरुवातीला सबएडिटर मंडळी नाकं मुरडतील, गावंढळ वाटतो म्हणतील. मुरडू देत. वाचणाऱ्या आजीला कळलं म्हणजे झालं.

आजींचं राहिलंच. मी त्यांना समजावलं आणि गुरुवारी सकाळी सात वाजता पुन्हा नेलं, अनशापोटी, येताना दोन भांडी पाणी प्यायला लावून. शीर एका टोचण्यात मिळाली. रक्त देऊन झाल्यावर कापसाचा बोळा कोपरात दाबून बाकावर बसल्या आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढला, आत खिचडीच, वरून खोबरं कोथिंबीर. मला म्हणाल्या, आता मोडू ना? मी म्हटलं मोडू नका आजी, सोडा. संध्याकाळी रिपोर्ट आला, ९१.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
लालबाग, मुंबई